धनुष्य, प्रमाणपत्र आणि वर्दी

२०१९च्या ऑगस्टमध्ये चीनच्या चेंगदू शहरात जागतिक पोलीस व अग्निशमन दल क्रीडा स्पर्धा भरल्या. बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली चंद्रहर्ष जाधव यांनी तिथे धनुर्विद्येत दोन सुवर्णपदकं जिंकली, एक टार्गेट प्रकारात आणि एक थ्री-डी प्रकारात. फील्ड प्रकारात कांस्यपदकही मिळालं. हे तिन्ही प्रकार एकाच धनुष्याचे असले तरी त्यांची परीक्षा वेगवेगळी असते. टार्गेटमध्ये सपाट मैदान, ठरलेलं अंतर आणि समोर रंगीत वर्तुळांचा कागद. फील्डमध्ये उंचसखल रानातून आखलेल्या वाटेनं एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे चालत जायचं, कधी चढावर नेम धरायचा तर कधी उतारावर, आणि काही ठिकाणी अंतर नजरेनंच जोखायचं. थ्री-डीमध्ये झाडाझुडपांत उभे केलेले प्राण्यांचे पुतळे. एकाच स्पर्धेत तिन्हींत पदक मिळवायचं तर हाताइतकाच डोळा आणि डोकं तयार लागतं.

या स्पर्धा १९८५मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे इथे सुरू झाल्या आणि साधारण दर दोन वर्षांनी होतात. तिथे उतरणारे बहुतेक जण पगारी सेवेतले असतात: पोलीस, तुरुंग रक्षक, आगीचा बंब चालवणारे. म्हणजे पदकं गळ्यात घालून परतल्यावर त्यांना पुन्हा ड्युटी असते. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी वाढलेल्या मुलीसाठी खेळाला व्यवसाय बनवण्याचा अर्थ गेली वीस वर्षं बहुतांशी हाच राहिला आहे. बक्षिसाच्या रकमेवर जगणारी खेळाडू दुर्मीळ. खेळाच्या जोरावर वर्दी किंवा सरकारी खुर्ची मिळवणारी आणि त्या पगारातून खेळ चालू ठेवणारी, हीच इथली व्यावसायिक खेळाडू. या वाटेचा इतिहास सांगण्याजोगा आहे, कारण ती कोणी एका दिवसात आखलेली नाही.

दुसरी वाट, बक्षिसांवर जगण्याची, जगाला जास्त ओळखीची आहे आणि ती गोल्फच्या मैदानावर सगळ्यात स्पष्ट दिसते. अमेरिकेत १९७२ साली शिक्षणसंस्थांमधल्या, म्हणून त्यांच्या खेळांतल्याही, लिंगभेदाला बंदी करणारा कायदा झाला. त्याच सुमारास न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावात नॅन्सी लोपेझ नावाची मुलगी शाळेच्या मुलांच्या संघातून गोल्फ खेळत होती. वडील गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करण्याचा धंदा करत. पुढे टल्सा विद्यापीठात शिकताना तिनं १९७६ची महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, १९७७मध्ये ती व्यावसायिक झाली आणि १९७८ या एका वर्षात नऊ स्पर्धा जिंकल्या. त्यातल्या पाच ओळीनं. स्वीडनहून अ‍ॅरिझोना विद्यापीठात आलेली आनिका सोरेनस्टाम १९९१ची महाविद्यालयीन विजेती. तिनं नंतर अमेरिकेच्या व्यावसायिक महिला मालिकेत ७२ स्पर्धा जिंकल्या. कॉलेजचा संघ, तिथला प्रशिक्षक, पात्रता फेरी, मग स्पर्धांची वर्षभराची मालिका आणि तिची बक्षिसं, अशी ही पायऱ्यापायऱ्यांची रचना आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या अदिती अशोकनं कॉलेजची पायरी बाजूला ठेवली. २०१६च्या सुरुवातीला, वयाच्या सतराव्या वर्षी ती थेट व्यावसायिक झाली आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली.

गोल्फ आणि धनुर्विद्या यांचं नातं तसं जुनं. ऑलिम्पिकनं बायकांना सुरुवातीच्या काळात ज्या मोजक्या खेळांत घेतलं, त्यांत हे दोन्ही होते. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये गोल्फ जिंकणारी मार्गारेट अ‍ॅबट कलकत्त्यात जन्मलेली. १९०४मध्ये सेंट लुइसला बायकांची धनुर्विद्या आली. आणि इंग्लंडच्या लॉटी डॉडचं उदाहरण तर दोन्ही खेळांना एकत्र गुंफणारं: विम्बल्डन पाच वेळा, १९०४ची ब्रिटिश महिला गोल्फ स्पर्धा, १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धनुर्विद्येचं रौप्य. पायघोळ झगा घालून, क्लबच्या हिरवळीवर, धक्काबुक्की न करता खेळता येणारे म्हणून हे खेळ तिकडच्या समाजाला चालले. अर्थात त्या हिरवळीवर पोचायला घरात पैसा लागे.

वऱ्हाडात धनुष्य होतं ते हिरवळीवर नव्हे, रानात. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुडा उतरतो. तिथल्या आदिवासी वस्त्यांमध्ये तीरकमठा शिकारीचा आणि राखणीचा. त्याचा आजच्या क्रीडाप्रकाराशी थेट धागा जोडणं सोपं आहे, वाचायलाही छान वाटतं. पण खरं सांगायचं तर बुलढाण्याची आजची धनुर्विद्या त्या रानातून आलेली नाही. ती घाटावरच्या शासकीय गावात, शाळा-कॉलेजच्या स्पर्धांच्या कागदपत्रांतून आणि परदेशी बनावटीच्या धनुष्यांवर वाढली.

जिल्ह्याचे दोन भाग सगळे सांगतात: घाटावर आणि घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. तिथे रेल्वे आहे आणि काळी कापसाची जमीन. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार घाटावर. मलकापूरहून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढून आलं की बुलढाणा. रेल्वे नसलेलं हे गाव जिल्ह्याचं ठिकाण झालं ते थंड हवेमुळे. इंग्रज अधिकाऱ्यांना खालचा वऱ्हाडी उन्हाळा सोसत नसे. कचेरी आली, मग कारकून आले, शाळा आल्या, पोलीस मुख्यालय आलं. गिरण्या किंवा मोठी बाजारपेठ यांच्यापेक्षा सरकारी पगार हाच या गावाचा कणा राहिला.

त्या कचेरीचा आणि बायकांच्या वाटचालीचा संबंध फार लवकर जुळला. उपायुक्तांच्या कार्यालयात बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. त्यांनी आपल्या मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. त्या मुलीनं, ताराबाई शिंदे यांनी, १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, यावर इतक्या रोखठोक मराठीत तोवर कोणी लिहिलं नव्हतं. जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेड राजा, म्हणून बुलढाणा जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतात. ताराबाईंचं नाव त्या मानानं कमी घेतलं जातं, ते जास्त घेतलं जायला हवं. सरकारी नोकरीतला एक शिकलेला बाप आणि त्याची धीट मुलगी, ही जोडी या प्रदेशात पुढे पुन्हा पुन्हा भेटते.

खेळाचं शिक्षण मात्र घाटावर उशिरा पोचलं. विदर्भात त्याचं मोठं केंद्र अमरावती. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. त्या मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकून निघालेले क्रीडाशिक्षक वऱ्हाडातल्या शाळाशाळांत गेले. उच्च शिक्षणात बुलढाण्याची कॉलेजं आधी नागपूर विद्यापीठाकडे होती. १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झालं, तेच आजचं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. ही घटना खेळाच्या पानावर कुणी नोंदवली नसेल, पण तिचा परिणाम खेळावर झाला. खामगावच्या किंवा बुलढाण्याच्या कॉलेजातल्या मुलीला विद्यापीठाच्या संघात यायला आता अख्ख्या विदर्भाशी स्पर्धा करावी लागत नव्हती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग निवड चाचणी, मग ‘कलर होल्डर’, म्हणजे विद्यापीठाच्या संघातली खेळाडू, होऊन अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणं, ही शिडी जवळ आली.

त्या शिडीला खरी किंमत आली ती दोन सरकारी निर्णयांनी. १९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं आणि शासकीय नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के जागा राखल्या. पोलीस भरतीच्या रांगेत मुली जास्त दिसू लागल्या त्या तेव्हापासून. नंतर ३० एप्रिल २००५च्या शासन निर्णयानं खेळाडूंसाठी नोकरीत ५ टक्के आरक्षण आलं. या दोन निर्णयांची सांगड जिथे बसते, तिथे ‘महिला खेळाडू’ अशी जागा भरतीच्या जाहिरातीत छापून येते. इतके दिवस भिंतीवर टांगायच्या कामाचं असलेलं प्रमाणपत्र अचानक चुलीशी जोडलं गेलं. मुलीला मैदानावर पाठवायला कां-कू करणाऱ्या घरालाही हा हिशेब पटला, आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

भरतीला निघालेल्या खेळाडू मुलीची फाइल एकदा उघडून पाहावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर, आणि या सगळ्यांच्या मध्ये क्रीडा प्रमाणपत्र. नुसतं प्रमाणपत्र चालत नाही, त्याचा पडताळणी अहवाल लागतो. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, किती संघ उतरले होते, पदक कोणत्या पातळीवरचं, हे सगळं क्रीडा खात्याकडून तपासून यावं लागतं. शिवाय खेळाडू आहे म्हणून मैदानी चाचणी सुटत नाही: ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. म्हणून धनुर्धारी मुलीही पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. बाणाच्या नेमाशी ८०० मीटरचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर उत्तर भरतीच्या नियमात आहे.

आता धनुष्याकडे वळू. शाळेच्या स्पर्धांत मुलं सुरुवात करतात ती बहुधा ‘इंडियन राउंड’नं, बांबूच्या साध्या धनुष्यावर. पुढे दोन रस्ते फुटतात. ऑलिम्पिकमध्ये चालतं ते रिकर्व्ह, ७० मीटरवरून. दुसरं कंपाउंड, ५० मीटरवरून. कंपाउंडचा शोध अमेरिकेतल्या मिसूरीच्या होलेस विल्बर अ‍ॅलन यांनी लावला. १९६६मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९मध्ये ते मिळालं. दोन्ही टोकांना चक्रं, त्यांवरून फिरणारे दोर. ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, मग चक्र फिरतं आणि एकदम भार उतरतो. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत हातावर मूळ ताणाचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग उरतो. त्यामुळे नेम धरून थांबता येतं. पण थांबता येतं म्हणजे सोपं होतं असं नाही. सगळ्यांनाच थांबता येत असल्यानं सगळेच दहाच्या आसपास मारतात आणि निकाल एकेका गुणावर लागतो.

एक बाण कसा सुटतो ते जवळून पाहण्यासारखं असतं. बाणाचं खाचेचं टोक दोरावर ‘टक्’ आवाज करून बसतं. मनगटाला बांधलेल्या किंवा बोटांत धरलेल्या रिलीजचा, म्हणजे दोर ओढून सोडण्याच्या छोट्या साधनाचा, आकडा दोराच्या छोट्या फासात अडकवायचा. खेचताना खांद्याची पाती एकमेकींकडे सरकतात. दोर हनुवटीला टेकतो, दोरात बसवलेल्या बारीक छिद्रातून समोरचं भिंग आणि भिंगातून पिवळा ठिपका दिसतो. भिंगाखाली पाण्याच्या थेंबाएवढा बुडबुडा असतो, सुतारांच्या पाणसळीतला असावा तसा. तो मधोमध आला की धनुष्य तिरकं नाही हे कळतं. बाण बोटानं सोडायचा नसतो. पाठीचा ताण वाढवत न्यायचा आणि रिलीज आपोआप सुटू द्यायचा. सुटण्याचा क्षण धनुर्धाऱ्यालाही आधी नेमका कळू नये, अशीच शिकवण असते. ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटीमीटर व्यासाचं, साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. सामन्यात असे १५ बाण, कमाल १५० गुण. आळीपाळीनं मारताना एका बाणाला २० सेकंद.

भारतात धनुर्विद्येची संघटना १९७३ साली स्थापन झाली. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ मधल्या मोठ्या खंडानंतर १९७२च्या म्युनिकला परतला होता, पण रिकर्व्हच्या रूपात. कंपाउंडला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९९५मध्ये आणि आशियाई खेळांत २०१४च्या इंचॉनला जागा मिळाली. ऑलिम्पिकबाहेरचा म्हणून त्याच्याकडे दुय्यम नजरेनं पाहिलं जायचं. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या छोट्या गावांनी नेमका हा दुय्यम मानलेला प्रकार उचलला.

बुलढाण्यात प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांनी तो रुजवला. मोनाली जाधव त्यांच्याच हाताखाली घडल्या, आणि प्रथमेश जावकरही. प्रथमेशनं मे २०२३मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत पुरुष संघाच्या सुवर्णपदकात वाटा उचलला. एका जिल्ह्याच्या ठिकाणी, एकाच प्रशिक्षकाच्या नजरेखाली मुलगे आणि मुली एकाच प्रकाराचा सराव करतात याला महत्त्व आहे. स्वतंत्र महिला अकादमी काढण्याइतकं बळ छोट्या गावात नसतं. पण शेजारच्या टार्गेटवर जागतिक दर्जाचा बाण पडताना रोज दिसतो, तेव्हा आपण कुठवर जाऊ शकतो याची मोजपट्टीच बदलते.

विद्यापीठाचं शहर असलेल्या अमरावतीची मधुरा धामणगावकर हे पुढचं उदाहरण. २०२२मध्ये ती भारताकडून विश्वचषक स्पर्धेत खेळली, नंतर संघाबाहेर गेली. परत यायला तीन वर्षं लागली. मे २०२५मध्ये शांघायला अंतिम सामन्यात तिच्यासमोर अमेरिकेची कार्सन क्राही होती. तीन फेऱ्यांनंतर मधुरा ८१-८५ अशी मागे. कंपाउंडमध्ये चार गुणांची पिछाडी म्हणजे सामना गेल्यातच जमा. चौथ्या फेरीत मधुरानं ३०पैकी २९ मारले, समोरची २५वर अडकली आणि गुण झाले ११०-११०. शेवटच्या फेरीत पुन्हा २९. सामना १३९-१३८. त्याच स्पर्धेत तिला महिला सांघिक रौप्य आणि अभिषेक वर्मासोबत मिश्र सांघिक कांस्यही मिळालं. हा सामना पाहताना दहाच्या वर्तुळाइतकीच ती संघाबाहेरची तीन वर्षं लक्षात घ्यायला हवीत. त्या काळात विश्वचषकाचा प्रवास नाही, फोटो नाहीत, सरावाचा खर्च मात्र तसाच चालू. अनेक मुली याच टप्प्यावर धनुष्य गुंडाळून ठेवतात, कारण पंचविशी जवळ आलेली असते आणि घरात लग्नाचा विषय निघालेला असतो.

खर्चाचा विषय टाळून हा इतिहास पुरा होत नाही. स्पर्धेच्या दर्जाचं कंपाउंड धनुष्य बाहेरून येतं. होयट, मॅथ्यूज ही नावं वऱ्हाडातल्या मुलांना ट्रॅक्टरच्या कंपन्यांइतकी पाठ आहेत. धनुष्य, नेमाचं भिंग, तोल सावरणाऱ्या दांड्या, रिलीज आणि बाण असा पूर्ण संच लाखांत जातो. बाण मोडतात, दोर झिजतात, उंची वाढली की मापं बदलतात. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असं हरवून सतराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं. तिचे वडील गोपीचंद गणिताचे शिक्षक, आई शैला ग्रामसेविका. मुलीच्या सरावासाठी कुटुंब शेरेवाडी सोडून साताऱ्यात आलं आणि धनुष्यासाठी त्यांनी कर्ज काढलं. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांची अकादमी उसाच्या रानाला लागून आहे. दोन सरकारी पगार असलेल्या घरालाही कर्ज काढावं लागलं, तर पाच एकर सोयाबीनवर चालणाऱ्या घरानं काय करायचं? कॉलेजच्या क्रीडा निधीतून एखादं धनुष्य येतं, ते चार मुली आळीपाळीनं वापरतात. पण कंपाउंड हे ज्याच्या-त्याच्या हाताच्या लांबीला जुळवावं लागतं, दुसऱ्याच्या मापाचं धनुष्य घेऊन राष्ट्रीय पातळीवर नेम लागत नाही. छोट्या गावातल्या मुलींच्या वाटेतला सगळ्यात मोठा धोंडा हाच आहे, आणि तो हलवणं विद्यापीठांच्या आणि जिल्हा क्रीडा संकुलांच्या आवाक्यातलं आहे.

नोकरी लागली म्हणजे प्रश्न संपले असंही नाही. वर्दीतल्या खेळाडूला गणपती-दुर्गोत्सवाचा बंदोबस्त असतो, निवडणुकीची ड्युटी असते, शेगावच्या पालखीची गर्दी असते. सरावासाठी सवलत मिळते ती बऱ्याच अंशी वरिष्ठांच्या मर्जीवर. गोल्फच्या व्यावसायिक मालिकेतली खेळाडू पुढच्या आठवड्याची स्पर्धा हरली तर बक्षीस गमावते. इकडची खेळाडू हरली तर पगार थांबत नाही, ही या व्यवस्थेची जमेची बाजू. सलग दोन महिने सराव बुडाला तर नेम जातो, ही उणी. चेंगदूची पदकं या दोन्ही बाजू सांभाळून आलेली आहेत, म्हणून त्यांचं मोल वेगळं.

एप्रिल २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार मंजूर केला. वैयक्तिक प्रकार नाही, पुरुषांचा किंवा महिलांचा संघ नाही. एका देशाकडून एक पुरुष आणि एक महिला. भारतातून त्या एका जागेसाठी आंध्रची ज्योती सुरेखा वेन्नम आहे, जिच्या नावावर हांगझोऊची तीन सुवर्णपदकं आहेत. अदिती आहे, मधुरा आहे, पंजाबची परनीत कौर आहे. आणि त्यांच्या मागे अमरावती विभागातल्या कॉलेजांत, यंदाच्या आंतरविद्यापीठ निवड चाचणीची तारीख कधी लागते याची चौकशी करणाऱ्या, अजून स्वतःच्या मापाचं धनुष्य नसलेल्या मुली आहेत.